दुष्काळ, देव आणि दामाजीचे कोठार

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याहून चार दिवस राहायला आला होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पिशवीत कपड्यांपेक्षा वह्याच जास्त. सुट्टीतही अभ्यास करणारा भाचा पाहून मी मनातून सुखावलो; पण वह्या उघडल्या तर आत नकाशे निघाले. डोंगर, नद्या, बंदरे, किल्ले आणि एकाही गावाचे नाव ओळखीचे नाही. चौकशीअंती कळले, की हा एक खेळ आहे.

बुद्धिबळ आणि पत्ते यांपलीकडे बैठा खेळ ठाऊक नसलेल्या माझ्यासारख्यांसाठी थोडे सांगतो. पाच-सहा जण भोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि मनाने एक राज्य उभे करतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी पुरोहित होतात. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचे आणि ते साधले की फसले हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ प्रथम बाजारात आला आणि आता आपल्याकडची कॉलेजची मुलेही रात्र-रात्र खेळतात. आमच्या भाच्याचे राज्य तीन वर्षांपासून चालू होते.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘मला माझ्या राज्यात बारा वर्षांचा दुष्काळ आणायचाय. बारा वर्षांनी ते राज्य कसं दिसेल? तुम्ही इतिहासवाले, तुम्ही सांगा.’’

‘‘बाराच वर्षे का?’’ मी विचारले.

‘‘असंच. मोठा आकडा पाहिजे होता.’’

मला हसू आले. आपल्या पुराणकारांनाही हाच आकडा सुचला होता. पण भाच्याची खरी अडचण वेगळीच होती. त्याच्या एका मित्राने शंका काढली होती, की जिथे पुरोहिताला मंत्राने अन्न निर्माण करता येते तिथे दुष्काळ पडेलच कसा? खेळाच्या नियमपुस्तकात असा मंत्र आहे. एकदा म्हटला की पंधरा माणसांची एका दिवसाची अन्नपाण्याची सोय होते. मध्यम पायरीला पोहोचलेला पुरोहित तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो.

शिक्षकाला फळा नसला तरी चालतो. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आपल्या शेजारचा जुना कलादगी जिल्हा घेऊ. हाच पुढे विजापूर जिल्हा झाला, आणि आजचा बागलकोट त्यातच होता. १८७२ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ८,१६,००० होती. पंधराने भागले तर रोजचे ५४,४०० मंत्र. एक पुरोहित दोनदा म्हणतो, म्हणजे २७,२०० पुरोहित पाहिजेत. ‘‘तुझ्या राज्यात असे पुरोहित किती?’’

‘‘फार तर पन्नास.’’

‘‘म्हणजे दीड हजार माणसे जगतील. कोणती दीड हजार?’’

तो गप्प बसला. माझ्या मते दुष्काळाच्या इतिहासाला सुरुवात याच प्रश्नापासून होते. पीक किती बुडाले हा पहिला धडा खरा, पण तो लवकर संपतो. उरलेल्या साऱ्या धड्यांत कोण जगले, कुणाच्या जिवावर जगले आणि त्यापायी माणसामाणसांतले नाते कसे पालटले एवढेच असते. ते चार दिवस आम्ही मामा-भाचे हेच बोलत होतो. त्यातले थोडे इथे मांडतो.

सुरुवात महाभारतापासून केली, कारण मंत्रांचे राज्य आणि लांबलेला दुष्काळ यांची गाठ आपल्याकडे तिथेच पडलेली आहे. शल्यपर्वात सारस्वत मुनींची कथा येते. बारा वर्षे पाऊस पडला नाही. ऋषी अन्नासाठी दाही दिशांना पांगले आणि भटकता भटकता वेद विसरले. एकटा सारस्वत आईजवळ, म्हणजे सरस्वती नदीकाठी राहिला. ती त्याला रोज मासे देई. त्यावर जगून त्याने पठण चालू ठेवले. पाऊस आल्यावर साठ हजार ऋषी त्या पोराजवळ वेद पुन्हा शिकायला बसले. गोव्यापासून आपल्या बेळगावपर्यंतचे सारस्वत ही कथा अभिमानाने सांगतात आणि मत्स्याहाराला तिचा आधारही देतात. तो वाद त्यांचा त्यांनी बघावा. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की कथाकाराला दुष्काळाने विद्या मरते हे माहीत होते. मंत्र पोथीत नसतो, तो म्हणणाऱ्याच्या जिभेवर असतो. आणि ती जीभ उपाशी आहे. भाच्याने वहीत लिहून घेतले : सहाव्या वर्षापासून मंत्र विसरू लागतील.

शांतिपर्वातली दुसरी कथा विश्वामित्राची. तिथेही बारा वर्षांचे अवर्षण. भुकेने व्याकुळ झालेला हा महर्षी रात्री चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याचे मांस चोरायला जातो. चांडाळ जागा होतो आणि त्यालाच धर्म सांगू लागतो. दोघांचा वाद वाचण्यासारखा आहे. आपद्धर्म हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे ही झोपडी उभी आहे. दुष्काळ लांबला की सगळ्यांत आधी वाकतात ते खाण्यापिण्याचे, शिवाशिवीचे, देण्याघेण्याचे नियम. मात्र पाऊस आला म्हणजे ते नियम पुन्हा सर्वांसाठी सारखेच सरळ होतात असे नाही. विश्वामित्राचे ऋषिपद कायम राहिले. चांडाळ पुढे कुठे गेला, हे कथा सांगत नाही.

पुराणातून इतिहासात यायचे तर आपल्या मुलखात बारा वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा दुष्काळ म्हणजे दुर्गादेवीचा. परंपरेप्रमाणे तो १३९६ ते १४०७ असा चालला. त्या काळी दख्खनवर बहामनी सुलतानांचे राज्य होते. त्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात सुलतानाने स्वतःच्या खर्चाने दहा हजार बैल लावून माळवा आणि गुजरातेतून धान्य आणवले, असे फिरिश्ता लिहितो. दहा हजार बैल ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तांड्याच्या बैलाला वाटेत चारा-पाणी लागते, आणि दुष्काळात नेमके तेच नसते. मालवाहू बैल मेला की शेजारच्या प्रांतातले धान्यही परदेशातले होते.

त्या दुष्काळानंतर काय झाले, हे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. पाऊस परतला, पण मुलखात माणूस नव्हता. गोदावरी आणि कृष्णा यांमधल्या प्रदेशातून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जेमतेमच वसूल येत होता. डोंगरी किल्ले पाळेगारांच्या आणि लुटारूंच्या हाती गेले होते. पुढे मलिक-उत्-तुजारने मोहीम काढून मुलूख ताब्यात घेतला तेव्हा दादो नरसो काळे नावाचा ब्राह्मण कारभारी आणि दरबारातला एक तुर्की खोजा यांच्याकडे वसाहतीचे काम आले. त्यांच्यापुढे पहिली अडचण अशी, की गावांच्या जुन्या शिवा सांगणारेच कुणी उरले नव्हते. म्हणून त्यांनी दोन-दोन, तीन-तीन गावे मिळून एक केली. जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी भरून.

या तोबऱ्यापाशी मी भाच्याला थांबवले. सुलतानाची सत्ता, फौज, तोफा सगळे जागेवर आहे, पण कसणारा माणूसच दुर्मीळ झाला म्हणून सरकार पिशवीभर धान्यावर राजी होते. दुष्काळ चालू असतो तेव्हा माणूस कवडीमोल होतो. तो संपल्यावर जे वाचले त्यांची किंमत वाढते. तुझ्या राज्यात बारा वर्षांनी ओसाड किल्ले असतील, त्यांत लुटारू असतील, दोन पिढ्यांपूर्वीची शीव कुणालाच सांगता येणार नाही आणि राजा शेतकऱ्याच्या मिनतवाऱ्या करत असेल. शिवाय हेही विसरू नकोस, की मंत्राचे अन्न पोटात जाते, जमिनीत पेरता येत नाही. बियाणे खाऊन संपलेले आणि बैल मेलेले, अशा घरावर पाऊस पडला तरी त्या वर्षी काय उगवणार?

आता दामाजीपंतांकडे येतो. ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मंगळवेढ्याला दामाजी बहामनी सुलतानाचा अंमलदार होता. दुष्काळ पडला, माणसे दारात मरू लागली, तेव्हा त्याने सरकारी कोठार हुकमावाचून उघडले आणि धान्य लुटवले. चुगली बेदरला गेली आणि दामाजीला पकडून न्यायला शिपाई आले. तो वाटेत असतानाच पंढरीच्या विठोबाने विठू महाराचे रूप घेतले, बेदरच्या दरबारात जाऊन धान्याची किंमत मोहरांत मोजली आणि पावती घेतली. महीपतीने १७६२ मध्ये पुरा केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे.

तीस वर्षे मी ही कथा वर्गात सांगत आलो. पण भाच्याच्या त्या मंत्रामुळे तिच्यातली एक गोष्ट प्रथमच नजरेत भरली. या कथेत देव पाऊस पाडत नाही आणि मूठभर धान्यही निर्माण करत नाही. धान्य कोठारात होतेच! चमत्कार घडतो तो हिशेबात. देव सरकारची बाकी भागवतो आणि पावती आणून देतो. ज्या लोकांनी ही कथा रचली, सांगितली, कीर्तनात गायली, त्यांना दुष्काळ म्हणजे काय ते आतूनबाहेरून कळले होते. आकाशाकडून त्यांची तक्रार होतीच, पण देवाला पाठवावे अशी जागा त्यांनी निवडली ती खजिन्याची. आणि देवाला रूप दिले ते दरबाराच्या पायरीवरही ज्याला उभे करत नसत त्याचे. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन दाखवले, की पुरेसे धान्य असूनही माणसे उपासमारीने मरतात, कारण त्या धान्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही. मंगळवेढ्याच्या कीर्तनकाराने ते आपल्या भाषेत आधीच सांगून ठेवले होते.

दामाजीनंतर दोनेक शतकांनी, १६३० ते १६३२ या काळात, गुजरात आणि दख्खन पुन्हा होरपळले. शहाजहानने सारामाफी दिली, बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे अन्नछत्रे घातली. देहूला त्याच दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, असे परंपरा सांगते. घर वाण्याचे आणि सावकारीचे. घरात कर्जाची खते होती. तुकोबांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. अभंगांच्या वह्या बुडाल्या आणि तरल्या, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी बुडवलेले हे कागद मात्र वर आले नाहीत, आणि माझ्या लेखी तो चमत्कार लहान नाही. दुष्काळ संपतो तेव्हा शेत पावसाने हिरवे होते, पण कागदावरचा आकडा तसाच राहतो. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली तेव्हा दुष्काळ पडायचा होता. तो पुढच्याच वर्षी पडला, आणि शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारने केला तो १८७९ मध्ये, सगळे होऊन गेल्यावर.

त्या १८७६-७८ च्या दुष्काळाविषयी मला जास्त बोलायचे होते, आणि तेच मी शेवटपर्यंत लांबवत होतो. मान्सून १८७६ मध्ये फसला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीला कात्री लावली. खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि ते कामे सोडून निघाले. उपाशी माणसांचा हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला लिहिले. सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला अनाथ मुलांसाठी बालाश्रम चालवला. त्याच सुमारास हिंदुस्थानातून विलायतेला गहू बोटींनी जात होता, कारण भाव तिकडे मिळत होता. आगगाडी झाली म्हणजे दुष्काळ हटेल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आमच्या भागात ‘दुष्काळी रेल्वे’ म्हणून होटगी-गदग मार्ग पुढे १८८४ मध्ये खुला झाला. पण रूळ दोन्ही दिशांना जातात. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याकडे धान्य धावते.

कलादगी जिल्ह्याचा १८७२ चा आकडा वर दिलाच आहे. १८८१ च्या शिरगणतीत तो सुमारे ६,३८,००० झाला. पावणेदोन लाखांहून अधिक माणसे उणी. सगळी मेली नाहीत, बरीचशी वाट फुटेल तिकडे गेली. त्यांतले एक माझे पणजोबा.

आमचे घराणे कोष्ट्याचे. दुष्काळात शेतकऱ्याच्या आधी विणकर मरतो, हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी आजीकडून ऐकले होते. माणूस खायचे शेवटपर्यंत सोडत नाही, पण लुगडे घ्यायचे पहिल्या महिन्यातच सोडतो. माग जागेवर, हात जागेवर, कसब जागेवर आणि गिऱ्हाईक नाही. पणजोबा पाच-सहा वर्षांचे असताना आईबापांबरोबर पश्चिमेकडे निघाले. आईबाप वाटेत गेले. पोराला एका विणकराने शहापुरात आणले. बेळगावला लागून असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. पोराला गावाचे नाव सांगता येईना. बनशंकरीचा रथ आणि त्याचा दोर, एवढेच तो सांगे. त्यावरून आमचे कुलदैवत ठरले, आणि गाव कायमचे हरवले. आजी सासऱ्याची ही हकिकत सांगे तेव्हा मराठीत सांगे. पण मागावर धागे मोजताना तिच्या तोंडी ‘ओंदु, एरडु, मूरु’ येई. ती मोजणी तिने सासऱ्याकडून घेतली होती. पणजोबांच्या घरची भाषा कोणती होती, हे आम्हाला त्या तीन शब्दांवरूनच काय ते कळते. सीमाभागात भाषेवरून बोलण्याची हौस मोठी आहे, आणि मीही त्यात मागे नव्हतो. आजीची ती मोजणी आठवली की मी थोडा जपून बोलतो.

बदामीजवळची बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. शंभर वर्षे पाऊस पडला नाही तेव्हा जिने आपल्या देहातून भाज्या उत्पन्न करून लोकांना जगवले, ती देवी. पौषात तिच्या नवरात्रात १०८ भाज्यांचा नैवेद्य असतो. आणि नेमका तिच्याच जिल्ह्यात १८७६ चा दुष्काळ अतिशय भयंकर ठरला. यावरून देवीला बोल लावावा असे मला वाटत नाही. तिला भाज्या देता येतात. भाव ठरवणे आणि कोठार उघडणे तिच्याकडे नाही, ते माणसांकडे आहे.

भाचा वह्या घेऊन पुण्याला गेला. गणपतीत त्याचा फोन आला. बारा वर्षांचा दुष्काळ तीन रविवारांत खेळून झाला होता. मी उत्सुकतेने काय झाले ते विचारले.

‘‘मामा, सगळं बिघडलं. मांत्रिक झालेल्या माझ्या मित्राने अन्नाचा मंत्र पुरोहितांकडून शिकून घेतला. पहिल्या वर्षी त्याने फुकट जेवण दिलं, सगळ्यांनी त्याचा जयजयकार केला. दुसऱ्या वर्षी दागिने घेऊन दिलं, तिसऱ्या वर्षी जमिनी लिहून घेतल्या. पाचव्या वर्षी आईबाप पोरं त्याच्याकडे ठेवून जायला लागले. बाराव्या वर्षी अर्धं राज्य त्याचं झालं. आणि मामा, त्याने नियम एकही मोडला नाही.’’

‘‘मग कुणी काही केले नाही?’’

‘‘केलं ना. आमची एक मैत्रीण चोर आहे. खेळात हो! शेवटच्या रविवारी तिने त्याची सगळी खतं पळवली आणि नदीत टाकली.’’

‘‘फासा पडला का मनासारखा?’’

‘‘फासा टाकायला मीच नको म्हटलं,’’ भाचा म्हणाला. ‘‘पण त्याच्याकडे ठेवलेली पोरं आहेत, तीनशे. त्यांना आता कुठं पाठवायचं ते सुचत नाहीये. निम्म्यांना गावाचं नावच माहीत नाही.’’

सूत्रधार तो होता. चार नावे मनाने ठरवून त्याला ती मुले घरी पोहोचवता आली असती. त्याने तसे केले नव्हते, हे मला बरे वाटले. त्यांना काही मोजता येते का, ते विचारून बघ, एवढेच मी त्याला सांगितले.